दारात उभ्या माणसाला 30 पैकी 8

चित्रावरून कथा स्पर्धेच्या संयोजकांना आणि परीक्षक मंडळातल्या माझ्या सहकाऱ्यांना,

स. न. वि. वि.

यंदाही परीक्षक व्हावे म्हणून तुमचे निमंत्रण मिळाले. सोबत नवे चित्र आले आणि गेल्या वर्षीचीच गुणपत्रिका आली. होकार कळवायला दोन ओळी पुरल्या असत्या. हे लांबलचक पत्र लिहिते आहे, आणि तेही उघडपणे, कारण आपण ज्यांच्या कथा तपासतो त्यांच्याही कानावर यातले काही पडायला हवे. बंद दाराआड आपण नेमके काय करतो याविषयी त्यांच्या मनात उगीचच फार आदर असतो.

गेल्या वर्षीचे चित्र तुम्हाला आठवत असेल. खिडकीला लागून टेबल, टेबलावर दोन कप, एक खुर्ची नीट आत सारलेली, दुसरी मागे ओढलेली. बाहेर मावळतीचा उजेड. खोलीत माणूस नाही. या चित्रावर आलेल्या निम्म्याहून जास्त कथांमध्ये दुसरा कप दिवंगत पत्नीचा होता. उरलेल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी तो दिवंगत पतीचा होता. एका कथेत दोन्ही कप मेलेल्यांचे निघाले, आणि तोवर मी इतकी दमले होते की एवढा बदलही मला टवटवीत वाटला.

त्या ढिगात एक कथा निराळी होती. तिचा निवेदक घरे विकून देणारा एजंट आहे. रिकामे घर गिऱ्हाइकाला ओकेबोके वाटते, म्हणून घर दाखवण्याआधी तो टेबलावर दोन कप मांडतो, एक खुर्ची जराशी मागे ओढतो आणि दारात जाऊन उभा राहतो. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखे वाटले की सौदा लवकर जमतो, हा त्याचा धंद्यातला अनुभव. एक बाई विचारते, "इथे कोण राहतं?" तो सहज काहीतरी ठोकून देतो. पुढच्या गिऱ्हाइकाला सांगताना त्यात भर घालतो. महिनाभरात त्या नसलेल्या जोडप्याला नावे मिळतात, सवयी मिळतात, एक जुने भांडणही मिळते. शेवटी एक माणूस पूर्ण पैसे मोजायला तयार होतो, आणि एजंट त्याला सांगतो की मालकांचा विचार बदललाय. कथा तिथे संपते.

'चित्राशी सुसंगती' या रकान्यात मी तिला 30 पैकी 8 गुण दिले. शेरा लिहिला, 'कल्पना चांगली, परंतु चित्रातील एकाकीपणाशी अधिक जवळचे नाते जोडता आले असते. चित्रात एजंट दिसत नाही.' हे शेवटचे वाक्य माझ्याच अक्षरात आहे, नाकारायची सोय नाही. ती कथा उत्तेजनार्थ बक्षिसालाही दोन गुणांनी मुकली.

पुढे काही महिन्यांनी ते चित्र मी मोठ्या पडद्यावर पाहिले. स्पर्धेच्या वेळी मी ते फोनवर पाहिले होते. तुम्ही कशावर पाहिले ते तुमचे तुम्हाला ठाऊक. मोठ्या पडद्यावर खिडकीच्या वरच्या तावदानात एक पुसट आकृती दिसते. दारात उभा असलेला माणूस. दोन्ही हात चेहऱ्यापाशी, म्हणजे बहुधा छायाचित्रकारच, स्वतःच्याच चित्रात नकळत सापडलेला.

लेखकाला ती आकृती दिसली असेल, तर त्याने चित्र माझ्यापेक्षा बारकाईने पाहिले आणि त्याची शिक्षा मी त्याला दिली. दिसली नसेल, तर 'हे असं मांडून कोण गेलं?' हा साधा प्रश्न त्याला पडला, जो दुसऱ्या कुणालाच पडला नव्हता, आणि त्या प्रश्नाचा हात धरून तो थेट दारापर्यंत पोचला. यातले काहीही खरे असो, तो 8 चा आकडा कथेचा नव्हताच. माझ्या फोनचा होता.

त्याच दिवशी मी जुनी गुणपत्रिका काढून बसले. चित्राशी सुसंगती 30, कथानक 25, भाषा 20, व्यक्तिचित्रण 15, शेवट 10. बेरीज बरोबर शंभर, त्यामुळे ती न्याय्य दिसते. पण यातला सगळ्यात जड रकाना नेमका असा आहे की ज्याचा अर्थ आपण तिघांनी कधी एकमेकांना विचारलाच नाही. मी त्याचा अर्थ 'चित्रातला मूड कथेत आला का' असा घेत होते. आपल्यातले एक सहकारी चित्रातल्या वस्तू मोजत होते, कप आले का, खुर्ची आली का, उजेड आला का. (हे त्यांनीच मला हसत सांगितले होते, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.) तिसऱ्यांनी बहुतेक सगळ्यांना 20 ते 22 च्या दरम्यान ठेवून प्रश्न मिटवला होता, आणि आता वाटते, तिघांत तेच शहाणे.

माझी मागणी अशी आहे. चित्राशी नाते हा गुणांचा विषय ठेवू नका. तो उंबरठा असू द्या. नाते आहे की नाही, एवढेच होय किंवा नाही. 'होय' असेल तर कथा आत आली, आणि तिथून पुढे तिचे मोजमाप फक्त कथा म्हणून व्हावे. 'नाही' म्हणायचे असेल तर तिघांनाही तसे वाटले पाहिजे. एकालाही नाते दिसले, तर ते आहे.

हे का, ते जरा सविस्तर सांगते, कारण बाकी सगळे मुद्दे यालाच लटकलेले आहेत.

जिथे 30 गुण असतात तिथे लोक 30 गुणांचे लिहितात. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे येणाऱ्या कथांचा पहिला परिच्छेद पाहा. आकाशात केशरी छटा, पडद्याची हलकी थरथर, टेबलावर दोन कप, त्यातल्या एकाचा कान टवका उडालेला. शाळेत चित्रवर्णन लिहायचो ना, तसाच. लेखक आपल्याला पावती दाखवत असतो की बघा, मी चित्र पाहिले आहे. ती दाखवून झाली की मग कथा सुरू होते, बहुतेकदा दुसऱ्याच कुठल्यातरी ठिकाणी. दुसरी युक्ती अल्बमची. नायिका जुना अल्बम उघडते आणि त्यात नेमका हाच फोटो. चित्र कथेत आले, पूर्ण आले, आणि कथेला त्याचा काडीचा उपयोग नाही. या युक्तीला मी स्वतः आजवर 25 च्या खाली गुण दिलेले नाहीत, जुने कागद चाळून पाहिले.

आणि एक उलटा प्रकारही असतो, तो सहसा जाणत्या लेखकांकडून येतो. परीक्षकासमोर चित्र आहेच, मग खोली कशाला उभी करायची? त्या कथेत 'ती खोली', 'तो उजेड', 'ते दोन कप' अशी सगळी बोट दाखवणारी सर्वनामे. चित्र बाजूला काढले की कथा आंधळी होते.

1766 मध्ये लेसिंग या जर्मन समीक्षकाने चित्र आणि कविता यांच्यातला फरक सांगताना एक गोष्ट मांडली होती. चित्रकाराला एकच क्षण मिळतो, म्हणून त्याने असा क्षण निवडावा की ज्यातून आधीचे आणि नंतरचे सर्वांत नीट उमगेल. आपल्या स्पर्धेत हे काम उलट्या बाजूने चालते. क्षण दिलेला आहे, आधीचे आणि नंतरचे लेखकाने आणायचे आहे. म्हणजे लेखकाचा खरा निर्णय एकच असतो. हा क्षण माझ्या कथेत कुठे ठेवू? सुरुवातीला ठेवला तर चित्र कारण होते. शेवटी ठेवला तर परिणाम होते. मधोमध ठेवला तर कथा त्याच्यावरून वळते. आणि कधी कधी तो कथेत नसतोच, काल घडून गेलेला असतो आणि आज सगळे त्याच्याविषयी बोलायचे टाळत असतात. अशी कथा वस्तू मोजणाऱ्या परीक्षकाच्या हाती पडली तर तिला शून्य मिळेल. माझ्या मते चित्रावरून लिहिण्याची ती सगळ्यात अवघड रीत आहे.

मग उंबरठ्यावर उभे राहून होय-नाही ठरवायचे कसे? मी हल्ली असे करते. कथा पहिल्यांदा वाचताना चित्र समोर ठेवत नाही. कथा स्वतःच्या पायावर उभी राहते का, ते तेव्हाच कळते. दुसऱ्या वाचनाआधी चित्र नीट पाहते, मोठे करून, कोपऱ्यांसकट. आणि मग स्वतःला विचारते, या कथेने चित्रात काही बदलले का? एजंटच्या कथेनंतर ते दोन कप मला नेपथ्यातल्या सामानासारखे दिसायला लागले. आजही तसेच दिसतात. गेल्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाच्या कथेनंतर चित्र होते तसेच राहिले, थोडे उदास होते, थोडे उदासच राहिले. ती कथा वाईट नव्हती. भाषा स्वच्छ होती, म्हातारा खरा होता. पण तिच्यातला एकही तपशील आज मला आठवत नाही, आणि एजंटने त्या जोडप्याच्या भांडणाचे कारण काय सांगितले होते ते आठवते.

जुनी, आधीच लिहून ठेवलेली कथा चित्राला चिकटवून पाठवणारेही असतात. त्यांना पकडायला 30 गुणांची गरज पडत नाही. चित्राचा उल्लेख असलेला परिच्छेद बोटाने झाकायचा. कथेला काहीच झाले नाही, तर ती चिकटवलेली आहे. उंबरठा तिथेच काम करतो.

आता एका जुन्या मोहाविषयी. 1935 मध्ये हार्वर्डमध्ये क्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी चित्रांवरून गोष्ट सांगायला लावणारी एक मानसशास्त्रीय चाचणी मांडली. पुढे तिचा जो संच रूढ झाला त्यात 31 पत्ते आहेत आणि त्यातला एक संपूर्ण कोरा आहे. पहिल्याच पत्त्यावर एक मुलगा टेबलावरच्या व्हायोलिनकडे पाहत बसला आहे. समोरच्याला विचारायचे की इथे काय चालले आहे, याआधी काय घडले, ही माणसे काय विचार करताहेत, शेवटी काय होईल. आपल्या स्पर्धेच्या सूचना आणि हे प्रश्न शेजारी ठेवून पाहा, थोडेफार तेच. फरक एवढाच की तिथे गोष्ट चांगली की वाईट याच्याशी कुणाला देणेघेणे नसते. तिथे गोष्टीतून सांगणाऱ्याला वाचतात.

आणि आपण, नकळत, तेच करतो. 'हे कुणीतरी बाईनेच लिहिलेलं दिसतं.' 'लेखक नुकताच कुणाला तरी गमावून बसलेला असावा, दोन गुण वाढवूया.' 'इतकी कडवट कथा, वय लहान असणार.' गेल्या वर्षीच्या आपल्या बैठकीत ही तिन्ही वाक्ये बोलली गेली आणि त्यातले मधले माझे होते. प्रवेशिकांवरची नावे झाकली म्हणजे लेखक झाकला जात नाही, आपण त्याला स्वतःच्या हाताने पुन्हा रंगवतो. दुःख खरे असेल म्हणून कथेला गुण वाढवणे आणि दुःख उसने वाटते म्हणून कमी करणे, दोन्ही सारखेच चुकीचे. पानावर जे आहे त्याचेच गुण.

दमण्याविषयीही बोलले पाहिजे. विसावी दिवंगत पत्नी वाचताना माझ्या मनात जो कंटाळा होता तो त्या विसाव्या लेखकाने निर्माण केलेला नव्हता. त्याने एकच कथा लिहिली होती. पहिली दिवंगत पत्नी ज्या लेखकाची, त्याला मी 'हृदयस्पर्शी' लिहिले. हे शब्दशः खरे आहे, दोन्ही शेरे शोधून पाहिले. स्पर्धेत उतरणाऱ्याने एवढा विचार करावा हेही खरे, की चित्र पाहताच जे पहिल्यांदा सुचते ते सगळ्यांनाच पहिल्यांदा सुचलेले असते. रिकामा झोका म्हटले की गेलेले मूल. धुक्यातला रस्ता म्हटला की लिफ्ट मागणारी बाई. मग 'आणि मला जाग आली' आहेच. पण त्याची किंमत आपल्या हातात कथा कितव्या नंबरला आली यावर ठरू नये.

ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या निकालांवर 1996 मध्ये दोन अभ्यासकांचा एक लेख प्रसिद्ध झाला होता. तिथली अंतिम फेरी आठवडाभर चालते आणि कुणी कोणत्या दिवशी वाजवायचे हे चिठ्ठ्यांनी ठरते. तरी जे उशिरा वाजवतात त्यांचे क्रमांक वर लागतात असे त्यांना आढळले. तिथे जगातले नामवंत वादक परीक्षक असतात. आपण कोण लागून गेलो! आणि रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग तर सिनेमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या बशीनंतर दाखवला तर भुकेला वाटतो, शवपेटीनंतर दाखवला तर शोकाकुल. शेजारी काय आहे त्यावरून आपण चेहरा वाचतो. एखादी हलकीफुलकी कथा तीन मरणांनंतर आली की ती आपल्याला उथळ वाटते किंवा देवदूतासारखी वाटते, आणि दोन्हीही ती नसते.

यावर उपाय अगदी सोपा आहे, फुकट आहे, आणि आपण तो कधी केला नाही. तिघांना कथा वेगवेगळ्या क्रमाने पाठवा. एका बैठकीत दहाच्या वर वाचू नका. आणि पहिल्या बैठकीत वाचलेल्या कथा शेवटी पुन्हा एकदा वाचा, कारण तेव्हा आपली मोजपट्टीच तयार झालेली नसते.

बेरजेचेही एक दुखणे आहे. मी हात आखडता ठेवून गुण देते. गेल्या वर्षी माझी सगळ्यात आवडती कथा 68 वर होती आणि सगळ्यात नावडती 58 वर. आपल्यातल्या एका सहकाऱ्यांचे गुण 30 पासून 95 पर्यंत पसरलेले होते. आता तिघांची बेरीज केली की निकाल कुणाचा लागणार? मी माझ्या सर्वांत आवडत्या कथेला नावडत्या कथेपेक्षा 10 गुण जास्त दिले, त्यांनी 65. माझे मत साडेसहा पट हलके झाले, आणि ते कुणी ठरवून केले नव्हते. म्हणजे उदार हाताने गुण उधळणारा आणि निर्दयपणे कापणारा परीक्षक निकाल ठरवतो, मोजूनमापून गुण देणारा केवळ हजेरी लावतो.

गुणांऐवजी क्रमांक घ्यावेत, ही कल्पना फार जुनी आहे. फ्रेंच गणितज्ञ बोर्दा यांनी 1770 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निवडणुकीसाठी ती मांडली होती. प्रत्येकाने आपापला क्रम लावायचा आणि क्रमांकांची बेरीज करायची. वर सांगितलेला पसाऱ्याचा घोळ यात राहत नाही. पण हेही निर्दोष नाही. शेवटच्या फेरीत दहा कथा आहेत असे धरा. एका कथेला दोघांनी पहिली ठरवले आणि एकाने दहावी, बेरीज 12. दुसरीला तिघांनीही तिसरी ठरवले, बेरीज 9. जिंकली दुसरी. तिच्यावर कुणाचेच प्रेम नाही, कुणाचा आक्षेपही नाही. आपल्या स्पर्धेच्या विजेत्या कथा वर्षानुवर्षे इतक्या सभ्य का असतात, याचे उत्तर मला या आकड्यांत सापडले. फिगर स्केटिंगमध्ये सगळ्यात वरचे आणि सगळ्यात खालचे गुण वगळतात, तसे करू, असे मागे एकदा कुणीतरी सुचवले होते. तिथे परीक्षक भरपूर असतात. आपण तिघे आहोत. दोन वगळले की एकाचा निकाल उरतो.

त्यामुळे क्रमांक लावा, बेरीज करा, पण निकाल जाहीर करण्याआधी तासभर बोला. आणि प्रत्येक परीक्षकाला एक कथा अशी निवडू द्या की बेरजेत ती कुठेही असली तरी शेवटच्या चर्चेत येईलच. बेरजेने मारलेली कथा कुणाच्या तरी हट्टाने तरू शकते. गेल्या वर्षी मला तसा हक्क असता तर मी तो एजंटच्या कथेसाठी वापरला असता, असे लिहायला हात शिवशिवतात, पण ते खोटे ठरेल. तेव्हा मी तिला 8 दिले होते.

'शेवट 10' हा रकाना काढून टाका. शेवटाला वेगळे गुण ठेवले की प्रत्येक जण शेवटी कलाटणी देतो. निवेदक भूत निघतो, बायको बहीण निघते, सगळे स्वप्न निघते. शेवट हा कथेला लावलेला डबा नव्हे, त्याचे गुण कथानकातच येतात. भाषेविषयी एकच. ऱ्हस्वदीर्घाची चूक टंकनाची असू शकते, ती सोडून द्या. चुकीचा शब्द मात्र सोडू नका.

चित्र निवडणाऱ्यांनाही दोन शब्द, कारण सगळा दोष परीक्षकांच्या माथी मारणे बरे नाही. रडणारी मुलगी, हातात फाटके पत्र, मागे निघालेली गाडी, अशा चित्रात चित्रकाराने कथा लिहून टाकलेलीच असते. लेखकाच्या वाट्याला फक्त पात्रांना नावे देणे उरते. याउलट नुसते क्षितिज दिले की तत्त्वज्ञान येते, पाने भरून येते. खुर्ची मागे ओढलेली असणे हे मला अजूनही चांगले वाटते, कारण कुणीतरी ती ओढली एवढेच चित्र सांगते. आणखी एक, तीन चित्रांतून एक निवडायला देऊ नका. ज्या चित्रावर सर्वाधिक कथा येतात त्या चित्राचे लेखक आपसात मारामारी करून संपतात, आणि ज्याच्यावर चारच आल्या त्या चौघांना नावीन्याचे आयते गुण. चित्र ज्याचे असेल त्याची परवानगी घ्या, त्याचे नाव द्या. कथेखाली लेखकाचे नाव हवे म्हणून भांडणाऱ्यांनी चित्राखालची जागा कोरी ठेवू नये.

यंत्राने बनवलेली चित्रे वापरायची की नाही हा वाद तुमच्यात चालू आहे असे ऐकते. माझे मत विरोधात आहे, पण एक प्रामाणिक अडचण सांगून ठेवते. मागे एका ठिकाणी अशाच चित्रावर मी परीक्षण केले होते. चित्रातल्या बाईच्या डाव्या हाताला सहा बोटे होती. संयोजकांच्या ते लक्षात आले नव्हते. स्पर्धकांपैकी बहुतेकांनी सौजन्याने दुर्लक्ष केले. एका मुलीने मात्र ते सहावे बोट धरून कथा लिहिली, आईचे, आजीचे, आणि हातमोजे विणणाऱ्या एका म्हाताऱ्याचे. त्या वर्षी वाचलेल्या कथांत ती सर्वांत सुंदर होती. संयोजकांनी नंतर चित्र दुरुस्त करून पाच बोटांचे केले आणि तिची कथा निराधार झाली.

शेवटी शेरे. 'कथाबीज चांगले, पण फुलवता आले असते.' 'भाषा ओघवती.' 'शेवट अधिक परिणामकारक हवा होता.' आणि अर्थातच पुलेशु, म्हणजे 'पुढील लेखनास शुभेच्छा'. ही चार वाक्ये कुठल्याही कथेखाली चालतात, न वाचलेल्या कथेखालीसुद्धा. हौशी लेखक आहेत, त्यांना दुखवू नये, म्हणून आपण असे लिहितो असे म्हणतो. हौशी म्हणजे पैसे न घेता लिहिणारा. त्याची कथा ढिलाईने वाचण्याची मुभा त्या शब्दात नाही. बक्षीस तिघांना मिळते, शेरा सगळ्यांना मिळतो, आणि पहिल्यांदा लिहिणारा माणूस तो कितीदा वाचतो हे ज्याने कधी अशी कथा पाठवली आहे त्याला विचारा. माझी विनंती एवढीच की प्रत्येक शेऱ्यात कथेतले निदान एक वाक्य उद्धृत करा, जे चालले ते किंवा जे अडले ते. फक्त त्याच कथेखाली शोभेल असा शेरा. वेळ लागेल. त्यासाठी परीक्षणाची मुदत आठवडाभर वाढवा, निकाल थोडा उशिरा लागला म्हणून कुणाचे काही अडणार नाही.

एजंटच्या कथेच्या लेखकास, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचले तर. निकाल बदलता येत नाही आणि तसे कुणी करूही नये. पण तो शेरा मी मागे घेते. चित्रात एजंट आहे. वरच्या तावदानात, दारात उभा.

संयोजकांनो, गुणपत्रिका बदलणार असाल तर माझा होकार धरा. बदलणार नसाल तर परीक्षक म्हणून दुसरे कुणी शोधा, मी कथा पाठवेन. आणि हो, यंदाचे चित्र अजून जाहीर झालेले नाही, म्हणून त्याविषयी इथे काही लिहीत नाही. या वेळी मी ते मोठ्या पडद्यावर पाहिले आहे. डावीकडे खाली, पायरीच्या सावलीत, काहीतरी आहे. तुम्हीही जाहीर करण्याआधी एकदा पाहून घ्या.

आपली,
मंडळातली एक परीक्षक